चार नंबरचे नारळ

सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईने काय करावं याबद्दल आमच्या नारायण पेठेत प्रत्येकाचं मत तयार असतं. मी औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेला प्रवेश घेतला तेव्हा ती सगळी मतं मला न मागता मिळाली. "म्हणजे श्यामला, तू आता हेल्मेट घालून फिरणार?" असं जाऊबाईंनी विचारलं. मी म्हटलं, ज्याला डोकं आहे त्याने घालावं. त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही.

मी एकोणीस वर्षं एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. कंपनीने प्रयोगशाळा गुजरातला हलवली आणि आम्हाला एकेक पुष्पगुच्छ दिला. पुढचे तीन महिने मी घरी बसून सगळ्यांच्या चुका काढल्या. शेवटी लेक स्पृहा वैतागून म्हणाली, "आई, प्लीज, चुका काढायचा पगार मिळेल असा जॉब शोध ना." तिने टोमणा मारला होता. मी तो मनावर घेतला, आणि आठवड्याभरात प्रवेशअर्ज भरला.

वर्गात माझ्याखेरीज सगळी पंचविशीतली मुलं. शिकवायला केयूर सर, वयाने माझ्या भाच्याएवढे. पण सर ते सर, मी त्यांना कधी अरेतुरे केलं नाही. मनातल्या मनात मात्र सोडलं नाही. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात "हलगर्जीपणा" असं लिहिलं आणि त्यावर फुली मारली. म्हणाले, "अपघाताच्या कारणात हा शब्द लिहायचा नाही. माणूस हलगर्जी होता असं वाटलं, की समजायचं आपली चौकशी अर्धी राहिली." सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी घेतलं नाही. मला वाटलं, याने अजून माणसं पाहिलेली नाहीत.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला सहा आठवडे एका कारखान्यात बसून प्रकल्प करायचा होता. मला हडपसरचा एक प्रेस शॉप मिळाला. धुलाई यंत्रांना लागणारे पत्र्याचे भाग तिथे तयार होत. प्रेस म्हणजे दोन माणसं उंचीचं यंत्र. खाली साचा, वर घण. पत्रा साच्यावर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, घण खाली येऊन पत्र्याला आकार देतो आणि वर जातो. मग हात आत घालून तो नग काढायचा आणि नवा पत्रा ठेवायचा. असं तासाला तीनशे वेळा. असे आठ प्रेस एका ओळीत चालत आणि जमीन दिवसभर थरथरत असे.

आदल्या वर्षी तिथे एका कामगाराची दोन बोटं गेली होती. म्हणूनच व्यवस्थापक रावसाहेब भिंताडे यांनी मला येऊ दिलं. माणूस वाईट नव्हता. स्वतः त्या दिवशी जखमी माणसाला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले होते, आणि ते सांगताना त्यांचा आवाज अजून बदलत असे. "मॅडम, पुन्हा कुणाचं बोट जाता कामा नये," ते म्हणाले. "तुमचा प्रकल्प नीट झाला तर इथेच सुरक्षा सहायक म्हणून राहा. मला माणूस हवाच आहे." मी त्याच दिवशी मनातल्या मनात कामाला लागले.

प्रकल्पाचा मुख्य भाग होता टळलेले अपघात. म्हणजे घण पडला पण हात बाहेर होता, चळत कोसळली पण पाय बाजूला होता, असे प्रसंग. केयूर सरांचं म्हणणं, बोट जाण्याआधी ते दहादा जाता जाता राहिलेलं असतं. त्या दहा वेळा कळल्या तर अकरावी टळते. असे दहा प्रसंग तारीख, जागा आणि कारण यांसह गोळा करायचे होते.

मी एक जाड नोंदवही आणली, दोरीने पेन बांधलं आणि प्रेस शॉपच्या दाराशी लटकवली. पहिल्या आठवड्यात वहीत काही आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी पेन नेलं. मी प्रत्येकाला गाठून विचारायला लागले. "काही झालं होतं का?" "नाही मॅडम." "कधी थोडक्यात वाचलात?" "नाही मॅडम, सगळं ओके." चार नंबरच्या प्रेसवर शंभू नावाचा वाशीमकडचा कामगार होता, पस्तिशीचा, कमी बोलणारा. तो तर मी आले की मान खाली घालून नग मोजायला लागे. मी वैतागून एकदा म्हणाले, "मग हा कारखाना नाही, देऊळच आहे म्हणायचं." कोणी हसलं नाही.

देऊळ तसं तिथे होतंही. भिंतीवर मारुतीची तसबीर, खाली दगडी पाट. कधीमधी सकाळी तिथे कोणीतरी नारळ फोडी आणि खोबऱ्याचे तुकडे ताटलीतून सगळीकडे फिरत. रावसाहेबांच्या केबिनमध्येही जात, माझ्या टेबलावरही येत. मी तुकडा तोंडात टाकून पुन्हा त्या कोऱ्या वहीकडे बघत बसे.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी कॅन्टीनमध्ये जेवायला बसले होते. कॅन्टीन चालवणाऱ्या सरुबाई लोणी काळभोरच्या. साठीच्या, पण उभ्या राहून पन्नास भाकऱ्या थापायच्या. त्यांची ओल्या खोबऱ्याची चटणी मला फार आवडे.

"सरुबाई, आठवड्यातून दोनदा ओलं खोबरं कसं परवडतं हो तुम्हाला?"

"मी कुठं आनती? अर्धी वाटी परसादाला जाती, ऱ्हायलेलं खोबरं मला देत्यात. नारळ प्रेसवाल्यांचा."

"पण आज काय होतं? ना चतुर्थी, ना शनिवार."

"सन कशाला पायजे? वाचला म्हणून फोडला." त्यांनी भाकरी उलटली. "दोन नंबरचा त्यो उंच गडी हाय न्हवं, काल पत्र्याची चळत सुटली त्याच्या अंगावर. पायापाशी येऊन थांबली. आज नारळ."

मी घास ताटात ठेवला.

"आणि परवाचा?"

"परवाचा सहा नंबरचा. त्याची बाही अडकली हुती पट्ट्यात."

मी ताट बाजूला सारलं आणि सरुबाईंच्या शेजारी पाट घेऊन बसले. त्यांनी भाकऱ्या थापता थापता दिवाळीपासूनचे अकरा नारळ सांगितले. वार सांगितला, यंत्र सांगितलं, कोण ते सांगितलं. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण कुठल्या दिवशी चटणी कशाची होती ते पक्कं लक्षात होतं. अकरांतले चार नारळ एकट्या शंभूचे होते. चार नंबरचा प्रेस, दर वेळी घण आणि हात. "हात आत घालनार तवाच याचा म्हन घन," सरुबाई म्हणाल्या. "थोडक्यात ऱ्हायला. चारीबी बारीला."

मला झालेला आनंद मी लपवत नाही. चार आठवडे ज्यासाठी मी लोकांच्या मागे फिरत होते ते मला चटणीत सापडलं होतं. आणि पुढचा हिशेब सरळ होता. पुढचं बोट जाणार ते चार नंबरवर. ते शंभूचं असणार.

त्या संध्याकाळी घरी बसून मी तक्ता तयार केला. केयूर सरांनी दिलेल्या नमुन्यात नावाचा रकाना नव्हता. तो मी पट्टीने आखून घेतला, माझं काम चोख असतं. शंभूच्या चार ओळींपुढे कारण लिहायचं होतं. शंभूला विचारावं असं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण चार आठवडे तो माझ्याशी बोलला नव्हता आणि मला त्याचा रागही आला होता. मी लिहिलं, "घण पूर्ण वर जाण्याआधी हात आत घातला. हलगर्जीपणा." चारही ओळींत तेच. अक्षर सुरेख आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद रावसाहेबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"चार वेळा?" ते म्हणाले. "एकाच माणसाचं? हा शंभू ढिलाच आहे, मॅडम. नगही सगळ्यांपेक्षा कमी काढतो. त्यात हात मध्ये घालतो?" त्यांनी सुपरवायझर रविराजला बोलावलं. "तीन दिवस घरी बसू दे त्याला. डोकं ताळ्यावर येईल. आल्यावर पॅकिंगला टाका."

शिक्षा मला बरोबर वाटली असं नाही, पण निदान त्याची बोटं तरी वाचली असं मी स्वतःला सांगितलं. शंभूला बोलावून रविराजने काहीतरी सांगितलं. तो वाद घालील असं मला वाटलं होतं. त्याने हातमोजे काढले, घडी करून प्रेसवर ठेवले आणि माझ्याकडे एकदा बघून निघून गेला.

दुपारी जेवायला गेले तर ताटात शेंगदाण्याची चटणी. सरुबाई माझ्याकडे पाठ करून तव्यासमोर उभ्या होत्या.

"खोबऱ्याचं तुमास्नी सांगितलं ही चूक झाली माजी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं बाईमानूस हाय, कुणाचं भलं करंल."

"मी त्याच्या भल्यासाठीच केलं, सरुबाई."

"मग त्याला जाऊन सांगा की. मला कशाला सांगताय?"

तोंडात मारल्यासारखं झालं. पुण्यात जन्म गेला माझा, उलट उत्तर कसं द्यायचं ते मला कोणी शिकवायला नको. त्या दिवशी मात्र मी ताट उचललं आणि बाहेर पडले. सगळा प्रेस शॉप माझ्याकडे न बघण्याची काळजी घेत होता. मी ओळीतून चालत गेले की बोलणं थांबायचं.

रात्री नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी स्कूटर काढली आणि मांजरीला शंभूच्या खोलीवर गेले. माफी मागायची की समजावून सांगायचं ते ठरलं नव्हतं. दार त्याच्या बायकोने उघडलं. मुक्ताई तिचं नाव. तिने मला ओळखलं असावं, कारण बसा म्हणाली आणि आत जाऊन भांडी जोरात आपटली. शंभू खाटेवर बसून रेडिओचा खोका उघडून दुरुस्त करत होता.

"या मॅडम," तो उठून म्हणाला. "बसा. मुक्ते, चहा ठेव."

मी म्हटलं, "शंभू, मी जे लिहिलं त्याचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. पण हात लवकर घालू नकोस एवढंच माझं म्हणणं होतं. तुझी बोटं..."

"म्या हात लवकर नाई घालत, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "उलट मीच सगळ्यात उशिरा घालतो. म्हून तं माहे नग कमी."

"मग घण चार वेळा कसा आला हातावर?"

त्याने रेडिओ बाजूला ठेवला. दोन्ही हातांच्या मुठी करून एकीवर दुसरी धरली, घण आणि साचा असावा तशी.

"पाहा. घन वर गेला का टक् असा आवाज येते. बारीक. मंधातली खिट्टी बसल्याचा. टक् आला का समजाचं घन आता थांबला, हात घालाले हरकत नाई. पन चार नंबरची ती खिट्टी झिजली. कधी कधी बसतच नाई. टक् येत नाई, अन् घन लगेच दुसऱ्यांदा खाली येते. आपोआप. पेडलवर पाय नसला तरी." त्याने वरची मूठ खाली आपटली. "मले तो आवाज पाठ झाला. टक् आयकल्याशिवाय मी हात घालतच नाई. चार डाव आला नाई, चारही डाव घन पडला, अन् माहा हात बाहेर. शेवटच्या डावाले हात जरा जवळ होता, हातमोज्याचं टोक तेवढं गेलं."

मी ज्याला हलगर्जी असं चार वेळा लिहिलं होतं, तो माणूस तासाला तीनशे वेळा कान देऊन ऐकत होता. मी मात्र चार आठवड्यांत त्याला एकही धड प्रश्न विचारला नव्हता.

मुक्ताईने चहा आणून ठेवला. शंभू कप उचलता उचलता थांबला.

"प्रेस बंद ठेवला असन न त्याहीनं?"

"नाही," मी म्हटलं. "योगेशला बसवलंय कालपासून."

"पॅकिंगचा योगेश?" तो उभा राहिला. "मॅडम, त्याले टक् मालूम नाई."

मला ते समजायला एक क्षण लागला. मी रावसाहेबांना फोन लावला. ऑफिसातल्या मुलीने उचलला. "साहेब ग्राहकांबरोबर मीटिंगमध्ये आहेत, मॅडम. अर्ध्या तासाने करता का?" रविराजला लावला, तो लागेना. लागणार कसा? काम करताना लक्ष विचलित होतं म्हणून सगळ्यांचे फोन गेटवर जमा करायचा नियम पहिल्याच आठवड्यात मीच सुचवला होता. मी ऑफिसातल्या मुलीला सांगितलं, मीटिंगमध्ये जा आणि चार नंबर थांबवायला सांग. ती म्हणाली, "साहेब ओरडतील, मॅडम. मी चिठ्ठी पाठवते."

मी किल्ली घेतली. शंभू चपला घालून माझ्यामागे आला आणि स्कूटरवर बसायला लागला. माझ्याकडे दुसरं हेल्मेट नव्हतं. मी म्हटलं, "तू रिक्षाने ये." त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की विचारू नका. पण मी ठाम राहिले. एक चूक निस्तरायला जाताना वाटेत दुसरी करायची माझी तयारी नव्हती. तो रिक्षासाठी पळाला आणि मी निघाले.

मांजरी ते कारखाना एरवी दहा मिनिटं. त्या दिवशी रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी होती. डबे मोजायची मला लहानपणापासून सवय, पण त्या दिवशी मोजता आले नाहीत. मी सारखी हाताच्या बोटांकडे बघत होते. जेवणाची सुट्टी संपून पंधरा मिनिटं झाली होती, म्हणजे योगेशने सत्तरऐंशी नग काढले असणार. प्रत्येक नगाला एकदा हात आत.

गेटवर स्कूटर तशीच टाकून मी आत गेले. आठही प्रेस चालू होते. योगेश चार नंबरवर बसला होता. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, पॅकिंगमध्ये दिवसभर गाणी म्हणणारा माणूस. आता तोंड घट्ट मिटून काम करत होता. पेडल, घण, हात. पेडल, घण, हात. चांगला वेगात होता, शंभूपेक्षा कितीतरी. मी ओरडले, पण त्या आवाजात मला माझं ओरडणंही ऐकू आलं नाही. मागून त्याच्या खांद्याला हात लावायचा नाही, दचकून माणूस पेडल दाबतो, एवढं मला शिकवलेलं होतं. मी त्याचा हात बाहेर येण्याची वाट बघितली आणि खांबावरचं लाल बटण तळहाताने दाबलं.

चार नंबर घरघरत थांबला. योगेशने वळून पाहिलं. "काय झालं, मॅडम? माझं काही चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "तुझे हात दाखव."

त्याला काही कळलं नाही, तरी त्याने लहान मुलासारखे दोन्ही हात पुढे केले. मी ते नीट बघितले. मग शेजारच्या खोक्यावर बसले.

रविराज धावत आला. प्रेस कोणी बंद केला, कोणाला विचारून केला, दिवसाचा माल कोण पुरा करणार, असं सगळं एका दमात विचारून झालं. तोवर चिठ्ठी मिळाल्याने म्हणा किंवा आवाज कमी झाल्याने म्हणा, रावसाहेबही खाली आले. त्यांच्यामागे ते ग्राहकही दाराशी येऊन उभे राहिले. मी जे ऐकलं ते सांगितलं.

"मॅडम," रावसाहेब हळू आवाजात म्हणाले, "काल तुम्हीच लिहून दिलंत की तो हात लवकर घालतो. आज म्हणता प्रेस खराब आहे. आम्ही कुठला कागद धरायचा?"

"कालचा फाडा. काल मी न विचारता लिहिलं होतं."

"या प्रेसची तपासणी महिन्यापूर्वी झालीय, साहेब," रविराज म्हणाला. "आणि आज सकाळपासून योगेशने आठशे नग काढलेत. एकदाही काही नाही."

"मग रिकामा चालवून बघा," मी म्हटलं. "हात न घालता. कोणीच जवळ जायचं नाही."

रावसाहेबांनी ग्राहकांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. प्रकल्प गेला, नोकरीही गेली हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण योगेशचे हात अजून माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी खोक्यावरून उठले नाही. शेवटी त्यांनी मान हलवली. शेजारचे प्रेस थांबवले. रविराजने लांब काठीने पेडल दाबायला सुरुवात केली.

घण आला, गेला. आला, गेला. आता बाकी सगळं शांत असल्यामुळे मलाही तो ऐकू आला. घण वर टेकला की बारीकसा टक्. दहा झाले, वीस झाले, तीस झाले. प्रत्येक वेळी टक्. ग्राहक आपसांत काहीतरी बोलून हसले. चाळिसाच्या सुमारास रविराज म्हणाला, "बघा, साहेब."

तेवढ्यात शंभू आला. गेटवरच्या माणसाने त्याला सोडलं कसं, कोण जाणे. घामाघूम झाला होता. तो कोणाशी बोलला नाही. देवळात उभा राहावा तसा प्रेसपासून दोन हात दूर, डोळे मिटून उभा राहिला. रविराजने पुन्हा काठी दाबली. टक्. पुन्हा दाबली. टक्. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. मग एकदा घण वर गेला आणि शंभूने एकदम हात वर केला.

"नाई आला," तो म्हणाला.

रविराजची काठी पेडलपासून वीतभर दूर होती. सगळ्यांनी ती पाहिली. घण आपोआप खाली आला आणि साच्यावर आपटला.

योगेश पुढे आला, साच्याच्या दोन बोटं रुंदीच्या फटीकडे बघितलं आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले. रविराजने काठी खाली ठेवली आणि स्वतःच जाऊन प्रेसच्या विजेचा मुख्य दांडा खाली ओढून तो बंद केला. रावसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटतं, त्यांना आदल्या वर्षीचा तो गाडीतला प्रवास आठवला असणार. ते शंभूपाशी गेले. आवाजात राग नव्हता, काकुळती होती.

"अरे, मग सांगायचं नाहीस का? एकदा तरी येऊन सांगायचंस."

शंभूने टोपीने तोंड पुसलं.

"चार डाव सांगतलं, साहेब," तो म्हणाला. "चारही डाव खोबरं खाल्लं न तुमी."

रावसाहेबांनी मान खाली घातली. मीसुद्धा मान वर करू शकले नाही. मी चार आठवडे दाराशी कोरी वही टांगून ही माणसं काही सांगत नाहीत म्हणून चडफडत होते, आणि ताटली माझ्याही टेबलावर येत होती. मी तुकडा उचलायची, चावायची आणि कामाला लागायची. कशाचा नारळ, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलं नाही.

थोड्या वेळाने मी दाराची वही सोडून आणली. आदल्या दिवशीचा कागद रावसाहेबांकडून मागून घेतला आणि त्याचे चार तुकडे करून खिशात टाकले. शंभूला बसायला खोका दिला, मी दुसरा घेतला. योगेश येऊन शेजारी उभा राहिला. रावसाहेबही गेले नाहीत, हात मागे बांधून तिथेच थांबले.

"शंभू," मी म्हटलं, "पहिला नारळ फोडलास त्या दिवशी काय झालं होतं?"

त्याने क्षणभर आठवलं आणि सांगायला सुरुवात केली.